न गंजणारी जोडी

१

तिला सगळे पेंटरबाई म्हणत. गाड्यांच्या चाकांना आणि ब्रेकच्या भागांना रंग मारायचं तिचं छोटंसं वर्कशॉप होतं, आणि घाणीचं तिला काही म्हणजे काही वाटत नसे. चाकाच्या आत चिरडून बसलेला उंदीर ती बोटांनी ओढून काढायची, हातमोजा उतरवायची आणि शांतपणे चहाचा कप उचलायची. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या पाठीच्या जखमा तिनंच धुतल्या. थोरला भाऊ दारात नाकाला रुमाल लावून उभा राहायचा आणि म्हणायचा, "बारके, तू आहेस म्हणून गं."

दादाचं सगळंच नाजूक. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, दिवसभर काचा पुसण्यात जायचा. दुधावर साय दिसली तरी त्याला उमळून येई. "तुमच्या दादांना मीसुद्धा धुऊन, पुसून, घडी घातलेलीच आवडते," असं वहिनी हसत हसत सांगायची.

असा हा माणूस पन्नाशी उलटल्यावर एका स्पोर्ट्स कारच्या प्रेमात पडला. दोन सीटची, बुटकी, जुनी पण देखणी गाडी. चाकांचे आरे इतके विरळ, की आतल्या ब्रेकच्या डिस्क, म्हणजे लोखंडी चकत्या, रस्त्यावरच्या माणसाला दिसाव्यात. त्या होत्या गंजलेल्या. दादाच्या डोळ्यांना तेवढंच दिसे.

"पुढच्या दोन चाकांना नव्या डिस्क घालायच्या, आणि तू त्या रंगवायच्या," तो म्हणाला. "मला रुपेरी हव्यात."

"अख्खी डिस्क रंगवत नाहीत, दादा. पॅड जिथे घासतो तो पट्टा उघडाच ठेवायचा. मधला फुगीर टोप आणि बाहेरची कड, एवढंच रंगवायचं. बाकीच्यावर रंग मारलास तर ब्रेकच लागायचा नाही."

"तू म्हणशील तसं. पण आणायला तू चल. मला त्यातलं काय कळतंय?"

जुने सुटे भाग विकणाऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते दोघं भर दुपारी गेले. त्या मॉडेलच्या साध्या डिस्क होत्या, चरे पाडलेल्याही होत्या. तिनं साध्या निवडल्या. दादा मात्र मागच्या कोपऱ्यात गेला आणि ढिगाच्या अगदी तळातून एक जोडी ओढून घेऊन आला. भोकं पाडलेली. बारीक भोकांच्या वळणदार रांगा, मधून बाहेर पसरत गेलेल्या.

"भोकांपाशी तडे जातात," ती म्हणाली.

"पण दिसतायत बघ कशा!"

तिनं जाडी मोजली. चालेल अशा कमीत कमी जाडीचा आकडा टोपावर ठोकलेला असतो, त्याच्या जेमतेम वर होती. तडा कुठेच नव्हता. नाही म्हणायला कारण सापडेना. विकणारा डोकं खाजवत म्हणाला, "ही जोडी माझ्याकडे कधी आली बुवा?" आणि त्यानं हात पँटला पुसला. थोड्या वेळानं पुन्हा पुसला.

तिला गंमत वाटली ती दादाची. तळातला तो चिकट माल त्यानं उघड्या हातांनी छातीशी धरला होता आणि रुमालाची आठवणही त्याला झाली नव्हती.

२

वर्कशॉपमध्ये तिनं जोडी साबणाच्या पाण्यानं घासली, उन्हात उभी करून ठेवली आणि दुसऱ्या कामाला लागली. संध्याकाळी कुलूप लावताना आत घ्यायची राहूनच गेली.

सकाळी आली तेव्हा वाटलंच होतं, आता पुन्हा सगळं घासावं लागणार. उघडं ओतीव लोखंड धुऊन रात्रभर बाहेर ठेवलं की सकाळी त्यावर नारिंगी गंज आलाच पाहिजे. शेजारी दुसऱ्या गिऱ्हाइकाची एक डिस्क होती, ती संत्र्यासारखी झाली होती.

दादाची जोडी होती तशीच. राखाडी, स्वच्छ. आणि ओली.

दव असेल, असं म्हणून तिनं फडकं फिरवलं. फडकं ओलं झालं. लोखंड पुन्हा हळूहळू ओलसर दिसू लागलं, कपाळ पुसलं तरी पुन्हा घाम यावा तसं. तेल मुरलं असेल, तिनं मनाशी म्हटलं. ओतीव लोखंडाला बारीक छिद्रं असतात, तेल आत मुरतं आणि उन्हानं बाहेर येतं. तिनं ते बोटांवर चोळून पाहिलं. तेल नव्हतं. बोटं एकमेकांना किंचित चिकटली आणि सुटली.

तिनं वास घेतला आणि हात झटकन लांब केला.

वास ओळखीचा होता. घड्याळाच्या पट्ट्याखाली घामाचा जो मऊ मळ साचतो, तो.

तिच्या पोटात काहीतरी हललं. हे नेमकं काय होतंय, हे समजायला तिला क्षणभर लागलं, कारण सवय नव्हती. तिला किळस आली होती. एका लोखंडाच्या तुकड्याची.

"वय झालं," ती मोठ्यानं म्हणाली आणि थिनरची बाटली घेऊन आली.

३

भोकं साफ करायला तिनं बारीक तारेचा ब्रश घेतला. ब्रेकच्या भोकांत काळी, कोरडी धूळ भरलेली असते, ती भुरभुर पडते. इथे ब्रश आत गेला तो मऊ काहीतरी ढकलत. मागे ओढला तर त्याला गुंडाळून एक फिकट, ओली दोरी बाहेर आली. तुटली नाही, येतच राहिली. शेवटी सुटली तेव्हा बारीक आवाज झाला, तोंडातून बोट काढल्यासारखा.

तिनं ते कागदावर ठेवलं. जुना रबर असेल, कुणी भोकं बुजवायला भरलेला. असं कोण कशाला करेल, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. ती एकेक भोक साफ करत गेली. कागद भरला तसा तो न बघता चुरगाळून तिनं बाहेरच्या डब्यात टाकला, आणि कोपरापर्यंत हात धुतले. मग पुन्हा धुतले.

घासणाऱ्या पट्ट्यावर मास्किंग टेप लावली, टोपावर आणि कडेवर प्रायमर मारला, त्यावर उष्णता सोसणारा रुपेरी रंग. रंग सुंदर बसला. इतका एकसारखा रंग तिच्या हातून फार दिवसांत बसला नव्हता. तिला बरं वाटलं. एवढा चांगला रंग बसतो ते लोखंड वाईट कसं असेल?

वाळल्यावर तिनं टेप ओढली.

टेपेला उलट्या बाजूनं एक पातळ पापुद्रा चिकटून आला होता. तिनं तो खिडकीशी धरला. आरपार उजेड दिसत होता, आणि त्यात बारीक बारीक रेषा होत्या, आपल्या मनगटावर असतात तशा, चौकोनी जाळीच्या.

खाली डिस्कवर टेप जिथून सुटली होती तिथला पट्टा लालसर होत चालला होता.

तिनं मोठा श्वास सोडला. गंज! अखेर धरला म्हणायचा. एवढा आनंद तिला गंज बघून कधी झाला नव्हता. आता उद्या पॉलिश पेपर मारू, झालं काम. ती हात धुऊन आली, डबा खाल्ला, फोनवर एका गिऱ्हाइकाशी भांडली आणि पुन्हा टेबलापाशी आली.

लाली उतरली होती. पट्टा पुन्हा राखाडी, शांत.

गंज वाढतो. गंज पसरतो. गंज उतरत नाही, एवढं तिला कळत होतं. तिनं स्वतःच्या हातावर टेपेचा एक तुकडा लावला, ओढला, आणि तिथली कातडी आधी लाल होऊन मग हळूहळू निवळताना बघत बसली.

४

तिनं दादाला फोन केला. "ही जोडी नको. मी साध्या आणते, त्याच रंगवून देते."

"का? तडा गेला?"

"नाही."

"मग?"

काय सांगणार? "मला घाण वाटतेय" असं ती, वडिलांच्या जखमा धुतलेली, दादाला सांगणार होती का? "वास येतोय," ती म्हणाली.

तो हसला. "बारके, तू आणि वास! मीच येतो न्यायला."

तो आला, त्यानं दोन्ही डिस्क उचलल्या आणि रंगावरून अंगठा फिरवला. "किती मऊ झाल्यात गं," तो म्हणाला. बसवायला त्यानं त्या दुसऱ्या मेकॅनिककडे नेल्या.

पुढचे काही दिवस त्याचे फोन येत राहिले. गाडी स्वप्नासारखी थांबते. आवाज नाही, थरथर नाही. "ब्रेक लागतोय हे कळतच नाही, गं. कुणीतरी अलगद धरून ठेवल्यासारखं वाटतं." मग फोन यायचे थांबले, आणि एका सकाळी वहिनीचा आला.

"वन्सं, एक विचारू? ब्रेकची धूळ काळी असते ना?"

"हो. का?"

"आमची पांढरट आहे. चाकांवर रोज बसते. धूळही नाही म्हणता यायची, पापुद्रे असतात. कोंड्यासारखे, पण ओले. पाइपनं धुतले की गटाराच्या जाळीत गोळा होऊन बसतात. काल मी ते हातानं काढले. माझी आंघोळ झाली तरी वास जाईना."

"दादा काय म्हणतो?"

"ते म्हणतात, मी धुतो, तू हात लावू नकोस. वन्सं, हा माणूस बेसिनमधला केससुद्धा मला काढायला लावतो."

५

ती त्याच दिवशी गेली. दादाचं गॅरेज घराखालीच होतं. गाडी चकाचक होती. आऱ्यांतून टोप दिसत होते, आणि ते रुपेरी नव्हते. गुलाबीकडे झुकले होते. उष्णतेनं रंग बदलतात, तिनं पाहिलेलं होतं, पण ते पिवळे पडतात, निळे पडतात. हा रंग तिनं कुठेतरी रोज पाहिला होता, आणि कुठे ते आठवेना.

"चाक काढते," ती म्हणाली.

"काढ की. बघच तू."

जॅक लावून तिनं पुढचं चाक काढलं. पॅड नवेकोरे दिसत होते, जराही झिजले नव्हते, फक्त त्यांचे कोपरे गोल झाले होते, चोखलेल्या गोळीसारखे. डिस्कवरची भोकं निम्मी बुजली होती. ती धुळीनं भरली नव्हती. कडांकडून आत आत मिटत चालली होती, आणि प्रत्येकाभोवती बारीक सुरकुत्या पडल्या होत्या.

तिनं जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला. वाचला. काढून पुसला, पुन्हा लावला.

ब्रेक मारला की डिस्क झिजते. रोज केसभर का होईना, कमीच होते. जगातली प्रत्येक डिस्क कमी होत जाते.

"दादा, ही जाड झालीय."

"हं," तो म्हणाला. त्याला आश्चर्य वाटलं नाही. तिच्या खांद्यावरून हात पुढे करून त्यानं डिस्कवर तळवा ठेवला, आजारी मुलाचं अंग बघावं तसा. गाडी सकाळपासून हलली नव्हती. "कोमट आहे बघ. हात लाव."

"मला नाही लावायचा."

"अगं, लाव तर."

"दादा, हे आजच्या आज काढायचं. उद्या वहिनीला शेजारी बसवून घाटातून उतरशील, आणि ह्या मऊ झालेल्या चकत्यांनी गाडी थांबली नाही म्हणजे?"

"थांबते. ती आधीच थांबते, मी पाय ठेवायच्या आधी." तो हसला, तोंडभर, हिरड्या दिसेपर्यंत.

आणि तो रंग कुठला, ते तिला कळलं. ती बाहेर जाऊन भिंतीला धरून ओकली. दादानं पाणी आणून दिलं, आणि तिची उलटी त्यानं आपल्या हातानं, नाक न मुरडता धुऊन काढली. त्याचीच तिला सर्वांत जास्त भीती वाटली.

६

रविवारी दुपारी ती व्हॅनमध्ये साध्या, नव्या डिस्क घालून आली. न विचारता बदलायच्या असं ठरवूनच. वहिनी वरच्या दारात उभी होती.

"खालीच आहेत. हल्ली जेवायलासुद्धा वर येत नाहीत." वहिनीच्या बाहीवर एक पांढरा पापुद्रा चिकटला होता. बोलता बोलता तिनं तो काढला आणि टाकला नाही, दोन बोटांत चोळत राहिली.

गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. ती वाकली. आत उजेड कमी होता आणि आवाज येत होता, मांजर बशीतलं पाणी पितं तसा. शांत, एका तालात.

पुढचं चाक काढलेलं होतं. दादा गाडीला टेकून जमिनीवर बसला होता, गाल डिस्कला लावून, डोळे मिटून. बेअरिंगचा आवाज ऐकतोय, तिच्या मनात आलं. मेकॅनिक कान लावून ऐकतात तसा. डिस्क हळू फिरत होती. हातानं फिरवून बघतोय.

मग तिला दादाचे हात दिसले. दोन्ही मांडीवर होते, पालथे, सैल.

डिस्क थांबली. उलट्या बाजूनं फिरली. पुन्हा थांबली. गाय वासराला एका जागी चाटते आणि मग जरा सरकून पुन्हा चाटते, तसं. त्याच्या गालाखालून ओलं चकाकलं. चाटत होता तो दादा नव्हता.

ती शटरखालून आत घुसली आणि कॉलर धरून त्याला मागे ओढलं. गाल सुटताना आवाज झाला. त्या बाजूला रक्त नव्हतं, ओरखडा नव्हता. दाढीचे खुंट नव्हते, छिद्रं नव्हती, सुरकुती नव्हती. नुसता राखाडी गुळगुळीतपणा, डोळ्याच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत, आणि त्यावर हळूहळू ओल येत होती.

"थांब ना गं," दादा अर्धवट झोपेतून बोलल्यासारखा म्हणाला. "एकच बाजू झालीय."

पुढचं तिनं कसं केलं ते तिला नीट सांगता येत नाही. ती ओरडली असावी, कारण वहिनी धावत आली आणि तिनं दादाला मागून मिठी मारून धरलं. दादा लहान मुलासारखा रडत होता. तिनं पॅड धरून ठेवणारा कॅलिपर सोडवला. डिस्क चाकामागच्या हबला चिकटून बसलेल्या असतात, हातोड्यानं ठोकल्याशिवाय निघत नाहीत. म्हणून तिनं हातोडा उचलला. गरज लागली नाही. डिस्क तिच्या हातांत आपणहून आली. दुसऱ्या बाजूचीही तशीच.

७

लोखंड वितळवणारी एक फाउंड्री गावाबाहेर होती. ती दोन्ही डिस्क शेजारच्या सीटवर टाकून निघाली. सगळ्या काचा खाली केल्या होत्या. तोंडात आंबट पाणी येत होतं आणि ती खिडकीतून थुंकत होती. एकदा गाडी बाजूला घेऊन ती रस्त्याकडेला उभी राहिली, पण पोटात काढायला काही उरलं नव्हतं. वहिनीचा फोन आला. दादा झोपलाय, डॉक्टरांना बोलावलंय, म्हणाली. "वन्सं, ते जाळून या," म्हणाली. आणि मग, "मला एकदा नीट दाखवायचं तरी होतंत."

फाउंड्रीच्या आवारात भट्टीवाला बाहेरच उभा होता. लांबूनही भट्टीची धग तोंडावर येत होती.

"काय आणलंत?"

"डिस्क. आत्ता, माझ्यासमोर भट्टीत टाका."

"आणा इकडे."

तिनं दार उघडलं, दोन्ही एकावर एक घेऊन उचलल्या आणि छातीशी धरून चालत आली. जड होत्या. कोमट होत्या. भट्टीवाल्यानं जाड हातमोजे घातलेले हात पुढे केले.

"द्या."

ती उभी राहिली.

"बाई, सोडा ना. जड असेल."

तिनं खाली पाहिलं. तिचा अंगठा कडेवरून फिरत होता, पुढे, मागे, पुढे. कधीपासून, तिला माहीत नव्हतं. वास येत होता, तोच. तिनं मळमळीची वाट पाहिली. आता येईल, आता येईल. घसा स्वच्छ होता, पोट शांत होतं, आणि बोटाखाली एक भोक अगदी हलकेच मिटलं.

"काय झालं?" भट्टीवाल्यानं विचारलं.

"ही नाही," ती म्हणाली. "चुकून ही आणली. ही घरची आहे."

तो काही बोलायच्या आत ती वळली. व्हॅनमध्ये बसून तिनं काचा वर केल्या, अंगातला स्वेटर काढून जोडीभोवती नीट गुंडाळला आणि ती मांडीवर घेतली. मग गाडी सुरू केली. पहिल्या वळणावर समोरून ट्रक आला, तेव्हा तिनं ब्रेक अगदी अलगद दाबला, मांडीवर धक्का बसू नये म्हणून.